रानात घंटी वाजवायची नाही

लग्न होऊन मी सांगलीहून रत्नागिरीला आले तेव्हा एसटीच्या टपावर माझी लेडीज सायकलही होती. आंबा घाटाची वळणं सुरू झाली तशी मला शेजारी बसलेल्या नवऱ्यापेक्षा टपावरच्या सायकलची काळजी जास्त लागली, आणि हे मी त्याला नंतर तोंडावर सांगितलंसुद्धा.

सांगलीत सायकल म्हणजे पायातली चप्पल. शाळेला सायकल, भाजीला सायकल, मैत्रिणीशी भांडायला जायचं तरी सायकल. गाव कसं, पाटासारखं सपाट. आणि इथे रत्नागिरीत बघावं तर रस्ता एक तर वर जातो नाहीतर खाली. सरळ जायचं त्याच्या स्वभावातच नाही. पहिल्या आठवड्यात मी शाळेत सायकलने जायचा हट्ट केला. जाताना मजा आली आणि येताना अशी दमछाक झाली की दारात सायकल टेकवून मी पायरीवरच बसले. सासूबाईंनी पाणी दिलं, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं ते मला दिसलं. त्यानंतर सायकल पडवीत गोणपाटाखाली गेली ती गेलीच.

नवरा मुंबईला नोकरीला. चौघांत मिळून एक खोली, त्यात मी कुठे मावणार? तो गणपतीला यायचा आणि शिमग्याला यायचा. मी एका हायस्कुलात गणित शिकवायची आणि सासू-सासऱ्यांबरोबर राहायची. माणसं वाईट नव्हती हो. पण माझं मनच लागत नव्हतं. कुणी विचारलं, 'कुठल्या तुम्ही?' की मी फटकन म्हणायची, 'सांगलीची.' रत्नागिरीत राहते हेसुद्धा वर जोडायची नाही.

दोन वर्षं अशी काढली. तेव्हा चौऱ्याऐंशी साल असेल, नाहीतर पंच्याऐंशी. नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर माझ्या जुन्या शाळेच्या बाईंचं सांगलीहून पत्र आलं. गणिताची जागा रिकामी होते आहे, येतेस का, सुट्टी संपायच्या आत कळव. नवऱ्याला लिहिलं तर त्याचं उत्तर आलं, 'मी काय, मुंबईतच आहे. तुझा जीव जिथे रमेल तिथे राहा.' सासूबाई भांडी जरा जोरात ठेवायला लागल्या.

माझे सासरे पोस्टात ओव्हरसियर होते. म्हणजे खेड्यापाड्यांत, कुणाच्या ओटीवर, कुणाच्या दुकानाच्या कोपऱ्यात जी छोटी पोस्टं असतात, ती सगळी सायकलवरून हिंडून तपासायची. तीस वर्षं हेच केलेलं. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, म्हणजे मी घरात आले आणि ते घरी बसले. मी त्यांना मामंजी म्हणायची. बोलणं फार कमी. त्या पत्राचं त्यांना कळलं. संध्याकाळी मी शाळेतून आले तर माझी सायकल गोणपाटाबाहेर काढलेली, चेनला तेल दिलेलं, आणि मामंजी तिची घंटी पुसत बसलेले.

"अगो, जायचं तर जा," ते म्हणाले. "पण दोन वर्षांत तू पाहिलंस काय? घर, शाळा नि बाजार. मी ज्या रानांतून हिंडलो ती एकदा बघून जा. सांगलीत कुणी विचारलं तर सांगायला काही असू दे."

मला जायचं होतं. मी राहावं असं त्यांना वाटत होतं. दोघांनाही हे पक्कं ठाऊक होतं, आणि पुढे तीन दिवस दोघांपैकी कुणी ते ओठांवर येऊ दिलं नाही.

सुनेने सासऱ्याबरोबर सायकलवरून रानोमाळ भटकायचं, हे शेजारी कुणाला पटवून सांगणार? सासूबाईंनी आळीत सांगून टाकलं की दोघं गणपतीपुळ्याला दर्शनाला गेलीत. सांगलीहून आणलेला आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवलेला पंजाबी ड्रेस मी काढला, तेव्हा त्या देवघराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पण डब्यात त्यांनी लाडू भरले होते, ते मला हातखंब्याला कळलं.

हातखंब्यापर्यंतचा रस्ता मला आवडला असं मी म्हणणार नाही. चढ, ट्रका, धूळ. तिथे हायवेच्या कडेला चहा घेतला, आणि मग मामंजींनी सायकल आतल्या तांबड्या रस्त्याला घातली. पहिलं वळण गेलं तसा ट्रकांचा आवाज मागे पडला. दुसऱ्या वळणावर तो बंदच झाला. मी चक्क सायकलवरून उतरले. आपल्या चाकांचा आवाज इतका स्वच्छ मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

"रानात घंटी वाजवायची नाही," मामंजी म्हणाले. मी सवयीने अंगठा घंटीवर ठेवला होता. "आपण दुसऱ्याच्या घरातनं चाललोय. तीस वर्षांत मी रानात एकदा वाजवली नाही."

आणि चढाला सायकल चालवायची नाही, असं त्यांचं दुसरं म्हणणं. चढाला उतरायचं, सायकल हातात धरायची आणि बोलत न बोलत चालायचं. मला आधी ह्याची लाज वाटली. सांगलीची पोरगी, सायकल असून चालतेय. पण तासाभरात लक्षात आलं की ह्या माणसाला कुठली गोष्ट कधी करायची ते नेमकं कळतं. ऐन आणि किंजळीच्या झाडांतून ऊन रस्त्यावर ठिपके ठिपके पडलं होतं. सकाळचं दव अजून गवतावर होतं. एकदा डोक्यावरून सुपातून भात पाखडावा तसा आवाज गेला. मी दचकून वर पाहिलं तर मोठ्या चोचीचा धनेश, एकटाच, पंख मारत दरीपलीकडे निघालेला. पक्ष्याच्या पंखांना आवाज असतो हे मला तिशीला टेकल्यावर कळलं.

वाटेत वाडी लागली की माणसं बाहेर यायची. "भाऊ आले," म्हणायची. मामंजींना सगळे भाऊ म्हणत. कुणाचा मुलगा मुंबईत कुठल्या खात्यात लागला, कुणाच्या लेकीला कुठे दिलं, हे त्यांना घरच्यासारखं माहीत होतं, कारण कित्येक घरांतली पत्रं त्यांनीच वाचून दाखवलेली. पण एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात गेलं नाही कधी. एका बाईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमचा सासरा हाय ना, त्यो खोटं बोलनारा मानूस न्हाय." मी हो म्हटलं. घरात जे गृहस्थ वर्तमानपत्रामागे दिसायचे ते हेच का, असा मला प्रश्न पडला होता.

दुपारी एक लांब उतार आला. माझ्या मागच्या ब्रेकचं रबर झिजलेलं होतं, हे मी घरी बोलले नव्हते. मामंजींनी एकदा दाबून बघितलं आणि कळलं त्यांना. रस्त्याकडेला कुणीतरी तोडून टाकलेली पानांची फांदी, इकडे तिला टाळ म्हणतात, पडली होती. ती त्यांनी उचलली, पिशवीतून सुंभाची दोरी काढली आणि फांदी माझ्या कॅरियरला मागून बांधली, अशी की ती जमिनीवर ओढत येईल.

"हा आमचा घाटातला ब्रेक," ते म्हणाले.

मी हसले. पण उतारावर सुटले आणि हसणं विसरले. फांदी मागे खरडत होती, तांबडी धूळ उडत होती, आणि सायकल कशी, शहाण्या बैलासारखी आपल्या चालीने उतरत होती. ब्रेकला हात लावायचा नाही, घाबरायचं नाही, नुसतं दरीकडे बघत बसायचं. खाली पोचल्यावर मी म्हटलं, "मामंजी, हे शिकायला कुठल्या शाळेत जावं लागतं?" ते पहिल्यांदा मोकळे हसले.

रात्री एका गावातल्या पोस्टमास्तरांच्या घरी राहिलो. कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, आणि कुणी मोजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी चूक झाली, आणि ती सर्वस्वी माझी.

पाय आता मोकळे झाले होते, अंगात जोर आला होता, आणि सांगलीचा तोराही परतला होता. मोठा चढ होता. मामंजी हळूहळू येत होते, मी भराभर पुढे गेले. माथ्यावर पोचले तर एकदम गार झालं. दाट, उंच झाडी. वेली अशा जाड की मांडीएवढ्या. खाली पाचोळा मऊ, आणि कुठूनतरी पाणी झिरपल्याचा बारीक आवाज. पुढे उतार दिसत होता. माझ्या मनात आलं, मामंजी दमून येतील, त्यांनी कशाला वाकायचं? आपणच आपला ब्रेक करावा. हाताशी आलेली एक हिरवीगार भरदार फांदी मी लोंबकळून मोडली. कालच्याच दोरीने कॅरियरला बांधली. मामंजी खालच्या वळणावर होते, दिसत नव्हते. "मी पुढे होते हो," असं ओरडून मी निघाले.

तो उतार मी अजून विसरलेले नाही. एकटी मी, रिकामा रस्ता, दोन्ही बाजूंनी झाडांची कमान आणि मागे फांदीचा सरसर आवाज. वाटलं, हे संपूच नये. मोठ्याने गावंसं वाटलं, आणि दुसऱ्याच्या घरातनं चाललोय हे आठवून गायले नाही.

उतार संपला तिथे गाव होतं. पहिल्याच घराच्या खळ्यात चारपाच माणसं बसली होती. मी रुबाबात उतरले. पण माझ्याकडे कुणी बघेना, सगळ्यांचे डोळे माझ्या मागे फांदीवर. एक म्हातारी पुढे आली.

"बाय, ह्यो टाळ कुटनं आनलास?"

मी हौसेने सांगितलं. वर माथ्यावर गर्द झाडी आहे ना, तिथून. ब्रेक म्हणून. कशी युक्ती आहे, बघा.

म्हातारीने तोंडाला पदर लावला. तेव्हा मी आजूबाजूला नीट पाहिलं. आसपासच्या डोंगरावर जेवढी झाडं होती, त्या सगळ्यांच्या फांद्या छाटलेल्या. नुसते खुंट उभे. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची असते, त्यासाठी थंडीत हा पाला तोडून रचतात, हे मला मामंजींनीच आदल्या दिवशी सांगितलं होतं. गावाच्या शिवारात हाताला लागेल अशी पानांनी भरलेली फांदी कुठेच नव्हती. होती फक्त माथ्यावर. आणि तिथे का होती, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ती देवराई होती. गावदेवीची राई. तिथलं वाळकं पानसुद्धा कुणी घरी नेत नाही.

तेवढ्यात मामंजी आले. त्यांनी खळ्यातली माणसं पाहिली, फांदी पाहिली, माझं तोंड पाहिलं. सायकल स्टँडवर लावली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "फांदी मी मोडली. मीच हिच्या सायकलला बांधून दिली."

खळ्यात एक वयस्क गृहस्थ होते, गावचे मानकरी. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. ते बराच वेळ मामंजींकडे बघत राहिले. त्यांच्या बघण्यात राग नव्हता.

"भाऊ," ते म्हणाले, "तीस वर्सं तुमी रायीखालनं जाताव. टेकायला म्हनून कदी सायकल लावली न्हाय तितं."

मामंजींची मान खाली. ज्या माणसाला ह्या मुलखात खोटं न बोलणारा म्हणून ओळखतात, तो माझ्यासाठी चारचौघांत खोटं बोलला होता. तेही माझ्यासाठी, जी दोन आठवड्यांत त्यांचं घर सोडून जाणार होती. मला भडभडून आलं, आणि मला भडभडून आलं की मी चिडते. "त्यांनी नाही," मी म्हटलं, जरा जास्तच जोरात. "मी मोडली. त्यांना ठाऊकही नव्हतं. तुम्ही कशाला माझं अंगावर घेता हो, मामंजी?"

मानकऱ्यांनी मान हलवली. ओरडले नाहीत, दंड नाही, काही नाही. एवढंच म्हणाले, "मंग नेऊन ठेवायला लागंल. ज्या हातानं आनला त्याच हातानं. दिस बुडायच्या आत."

सायकली खळ्यात ठेवल्या. फांदी मी खांद्यावर घेतली आणि उतरले तो अख्खा रस्ता चालत चढायला लागले. मानकरी आणि आणखी दोघं नारळ घेऊन बरोबर. मामंजींना सगळ्यांनी बसा म्हटलं, तरी ते आले. वाटेत मानकऱ्यांनी रस्त्याकडे बोट केलं. फांदी खरडत आली होती ना, तिची पानं, काड्या रस्ताभर विखुरलेल्या. ज्या उताराने मला एवढं वेड लावलं होतं, त्यावर मी वाकून वाकून एकेक पान ओढणीत गोळा केलं. थोड्या वेळाने बघते तर मामंजीही वाकून वेचत होते. त्यांचे गुडघे दुखायचे, मला माहीत होतं. मी नको म्हटलं नाही. म्हणवेना.

राईत शिरलो तेव्हा मला सकाळचीच जागा वेगळी दिसली. झिरपणारं पाणी एका दगडी कुंडात पडत होतं. मानकरी म्हणाले, खालच्या गावाला वैशाखातसुद्धा हेच पाणी पुरतं. न शिकलेली माणसं, पिढ्यान्‌पिढ्या एवढं जंगल नुसतं हात न लावता सांभाळतायत, आणि मी गणिताची बाई, मला एक फांदी सोडवली नाही. मी फांदी त्याच झाडाच्या बुंध्याशी ठेवली. ओढणी झटकली. एक काडी अडकली होती, तीही काढून ठेवली.

मानकऱ्यांनी देवीपुढे नारळ ठेवला, हात जोडले, आणि माझ्याकडे वळले.

"कुटली म्हनून सांगू देवीला?"

गाऱ्हाण्यात माणसाचं गाव सांगावं लागतं. कुणाची, कुठली, हे कळल्याशिवाय देवी कुणाला पाठीशी घालणार? मामंजी माझ्या बाजूलाच उभे होते. त्यांनी झटकन दुसरीकडे पाहिलं. आणि दोन वर्षांची सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "सांगलीची."

मानकऱ्यांनी मामंजींकडे पाहिलं. घरची सून, तिला सासरचंच गाव लावायचं अशी रीत. मामंजी एक शब्द बोलले असते तर तसं झालं असतं.

"सांगलीचीच सांगा," मामंजी म्हणाले. "देवीपुढे खोटं नको."

मानकऱ्यांनी डोळे मिटले. "बा देवी म्हाराजा, आज ही सांगलीची लेक, आमच्या पोस्टातल्या भाऊंच्या घरात नांदतीया. अजानपनी तिच्या हातनं चूक झाली, ती पोटात घाल."

"व्हय म्हाराजा," मागचे दोघं म्हणाले. मामंजीही म्हणाले.

"नि ती इतनं जाईल तितं, जितं ऱ्हाईल तितं, तिची राखन कर रं म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

ह्या वेळी आवाज दोनच आले. मी डोळे उघडून बघितलं. मामंजींचे हात जोडलेले, ओठ हलत होते. आवाज मात्र फुटत नव्हता.

मी काय सांगू? माझ्यासाठी हा माणूस गावापुढे खोटं बोलला, आणि स्वतःसाठी देवीपुढे एक शब्द फिरवायला तयार झाला नाही. असं माणूस मला सांगलीत कुठे मिळणार होतं? हे माझं तिथल्या तिथे ठरलं. पण मी बोलले नाही. देवीपुढे आत्ताच एक सांगून झालं होतं, लगेच दुसरं सांगायची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो. मानकऱ्यांनी आपल्या अंगणात रचलेल्या ढिगातून एक छाटलेली फांदी ओढून काढली आणि स्वतः माझ्या कॅरियरला बांधली. "ह्यो आमचा हाय," म्हणाले. "ह्यो बिनघोर न्या."

परतीच्या वाटेवर शेवटचा मोठा चढ आम्ही नेहमीसारखा सायकली हातात धरून चढलो. माथ्यावर मामंजी दम खायला थांबले. खाली उताराचा रस्ता झाडीत शिरत होता. एकही माणूस नाही, बैलगाडी नाही. सासूबाईंच्या डब्यात दोन लाडू उरले होते, एक त्यांना दिला.

"मामंजी, सोमवारी सांगलीला पत्र टाकायचंय."

"टाकू की. मी नेऊन टाकीन."

"येत नाही म्हणून लिहिणार आहे."

लाडू त्यांच्या हातात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जरा वेळाने लाडू खाल्ला, हात धोतराला पुसले, माझ्या फांदीची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली.

"पत्ता नीट लिही," म्हणाले. "पिनकोडासकट."

आणि सायकलवर बसून ते पुढे सुटले. पहिल्या वळणाआड ते दिसेनासे झाले, आणि मला रानात घंटीचा आवाज ऐकू आला. मला वाटलं, समोरून कुणी आलं असेल. पण ती थांबेना. रस्ता पार खालपर्यंत रिकामा होता, आणि मामंजी पार खालपर्यंत घंटी वाजवत गेले.